अगत्य येण्याचे करावे

दगा आप्पा फ्लेक्सचा नमुना तपासायला रस्ता ओलांडून पलीकडे जायचे. सुरतेच्या गोडादऱ्यातल्या आमच्या छापखान्याच्या दारात मी चार कागद चिकटवून केलेला नमुना दोन्ही हातांनी धरून उभी राहायची. हा सत्तरीचा माणूस, पांढरा सदरा-पायजमा, खिशाला लाल पेन, रिक्षांमधून वाट काढत समोरच्या पानटपरीपाशी जायचा. तिथून उभ्यानं वाचायचा, मग चालत वाचायचा, आणि शेवटी पळाल्यासारखं करत, मान वळवून, एका नजरेत जेवढं दिसेल तेवढंच वाचायचा. परत येऊन निकाल सांगायचा, "रिक्षावालाले नुसतं 'दुकान' दिसनं. कसानं दुकान ते दिसनं नही." म्हणजे नमुना रद्द. मी मनातल्या मनात चरफडत पुन्हा कॉम्प्युटरसमोर बसायची.

आप्पांनी बमरोलीच्या एका मिलमध्ये तीस वर्षं साड्यांच्या घड्या घातल्या होत्या. शिक्षण सातवी. मिल सुटल्यावर ते आमच्या शेठकडे प्रूफ वाचायला आले. मी बुलढाण्याकडची, लग्न होऊन सुरतेत आलेली, मराठी घेऊन बी. ए. झालेली. ते बी. ए. मी बऱ्यापैकी मिरवायची. आप्पांनी पहिल्या दिवशीच ते ओळखलं आणि माझं नाव मास्तरीन ठेवलं.

त्यांच्या नावावर मीही हसले होते. 'दगा' हे काय माणसाचं नाव झालं? खानदेशात ते चालतं, हे मला ठाऊक नव्हतं. आप्पा रागावले नाहीत. स्टुलावर बसून बशीत चहा ओतत म्हणाले, "मनापहिले दोन भाऊ गयात. मंग मायनी मनं नाव ठेवं दगा. यम वही उघाडी, नाव वाची, म्हनी, हाऊ तं दगा शे, याले कोठे लई जातस? माय शाळामा गयी नही. पन वाचनारा कोन, ते तिले समजे."

मग त्यांनी बशी तोंडाला लावली. मला पुढे हसू आलं नाही.

कोणीही मजकूर घेऊन आला की आप्पा एकच विचारायचे, "हाई कोन वाची? आन वाचीसन काय करी?" लोकांना वाटायचं म्हातारा चौकशा करतो. मलाही तसंच वाटायचं, पण ते पहिल्या आठवड्यापुरतं. त्या आठवड्यात बमरोलीच्या एका लूम मालकानं पाटी करायला दिली. कामगारांच्या चाळीतली पिण्याच्या पाण्याची टाकी वरच्या मजल्यावरून काढून तळाला बसवली होती, तसं जिन्यात लिहायचं होतं. आप्पा जेवत होते. एवढ्याशा पाटीसाठी काय थांबायचं म्हणून मी सुबक अक्षरात लिहिलं, 'पिण्याच्या पाण्याची टाकी खाली आहे', आणि पाटी पाठवून दिली.

तिसऱ्या दिवशी मालक दारात हजर. वरच्या मजल्यावरची यूपी-बिहारची माणसं भर मे महिन्यात कळशा घेऊन शेजारच्या गल्लीत पाणी भरायला जात होती. त्यांनी पाटी बरोबर वाचली होती. टाकी खाली आहे, म्हणजे रिकामी आहे. आमच्या गुजराती शेठनंही ती तशीच वाचली आणि मला म्हणाले, "खाली छे तो भरावो ने!"

आप्पांनी मला त्या चाळीत नेलं आणि तासभर जिन्यात उभं केलं. "तू वाचू नको. तो कसा वाचस ते देख," म्हणाले. एक जण आला, पाटी वाचली, रिकामी कळशी खांद्यावर टाकून उलटा फिरला. दुसराही तसाच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवीन पाटीवर आप्पांनी एक नळ काढायला लावला आणि त्याखाली एक बाण. माझं सगळं बी. ए. त्या बाणात मावलं.

लग्नसराईत आप्पांना बघायला यावं. खानदेशी लग्नपत्रिकेत नावांची गर्दी इतकी, की वधू-वर शोधावे लागतात. एकदा एका नवरदेवाच्या बापानं चिडून विचारलं, "आप्पा, पत्रिका वाचून काय करतील म्हणजे काय? लग्नाला येतील!" आप्पा म्हणाले, "तारीख त्याले फोनवर समजी गयी. पत्रिका उघाडीसन मानूस आपलं नाव शोधस." आणि ते तिथल्या तिथे नवरदेवाचा मामा झाले. पत्रिका डोळ्यांपासून लांब धरली, नावांवरून बोट फिरवलं, बोट शेवटापर्यंत गेलं, थांबलं, ओठ मिटले. पत्रिका टेबलावर पालथी ठेवली आणि गोड आवाजात म्हणाले, "ऊन भलतं शे भो, आमले काही येता येवाव नही." दुकानातले सगळे पोट धरून हसले. बापही हसला, आणि मग हळूच त्यानं मामाचं नाव वर घ्यायला सांगितलं.

लिहिण्यापेक्षा वाचण्यात ते जास्त मुरलेले होते. गल्लीतल्या बाया फोन घेऊन यायच्या. एकीच्या मुलानं, तो कडोदऱ्याला लूमवर कामाला होता, तिच्या लांबलचक निरोपाला उत्तर धाडलं होतं, 'ठीक आहे.' बाई रडवेली झाली होती, पोरगा रागावला म्हणून. आप्पांनी आधी खालची वेळ पाहिली. "पोऱ्या रागे नही भरना माय. पाळी बदलानी येळ शे. एक हात मशीनवर, दुसरा हातनी तुले लिखं. दोन शब्द लिखात तेच खूप झायं." बाई डोळे पुसत, हसत घरी गेली.

आप्पांची बायको इंदूअक्का. रोज एकच्या सुमाराला डबा घेऊन चालत दुकानात यायच्या आणि दोघं मागच्या खोलीत कागदांच्या गठ्ठ्यांवर बसून जेवायचे. अक्का पाचवी शिकलेल्या. जेवण झालं की छापून आलेल्या पत्रिका घ्यायच्या आणि एकेक मोठ्यानं वाचायच्या, 'सौ.कां.'पासून ते चिमुकल्यांच्या आग्रहाच्या ओळीपर्यंत. ओळखीचं कोणी नसलं तरी. आप्पा डोळे मिटून ऐकायचे. अक्का कुठं अडखळल्या की तिथं काहीतरी चुकलंय, असा त्यांचा हिशेब. मला वाटतं, आप्पांचं खरं प्रूफ अक्काच वाचायच्या.

मग एक दिवस अक्का रिकामा डबा घेऊन आल्या. आम्ही ते हसण्यावारी नेलं. आणखी महिन्या-दोन महिन्यांनी त्या म्हणायला लागल्या, "लगीनले जानं शे." कोणाचं लग्न, ते सांगायच्या नाहीत. नवी साडी नेसायच्या आणि निघायच्या. त्यांचं माहेर साक्रीकडचं, आणि तिकडच्या बसगाड्या हायवेवरच्या कडोदऱ्यावरून जातात, एवढं त्यांच्या पायांना पक्कं माहीत होतं.

त्या पहिल्यांदा हरवल्या त्या दिवशी आप्पा दुकानात आले नाहीत. का, ते आम्हाला कळवलं नव्हतं. नेमका त्याच दिवशी सूत विकणाऱ्या एका खानदेशी व्यापाऱ्याच्या आईचा मजकूर आला. आई वारल्या होत्या, अमुक दिवशी द्वारदर्शन, मराठी आणि गुजराती दोन्हींत करून हवं होतं. द्वारदर्शन म्हणजे ज्यांना अंत्ययात्रेला जमलं नाही त्यांनी ठरल्या दिवशी घरी येऊन दुःखात बसून जायचं. आमच्या बुलढाण्याकडं हा शब्द नाही. मला वाटलं असेल काही धार्मिक. मराठीत 'दुःखद निधन' होतं, पण गुजराती मजकूर आटोपशीर करायच्या नादात मी वर आईंचं नाव, खाली 'द्वारदर्शन' हा शब्द गुजराती अक्षरांत, वेळ आणि पत्ता एवढंच ठेवलं.

गुजराती व्यापाऱ्यांना वाटलं, यांनी आईच्या नावानं घरात देऊळ बांधलं. माणसं इस्त्रीचे कपडे घालून, हार आणि पेढ्यांचे डबे घेऊन दारात आली. आत बाया रडत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी आप्पांसमोर मान खाली घालून उभी राहिले. बोलणी बसणार हे नक्की होतं. आप्पा स्टुलावर बसले, बराच वेळ लाल पेनचं टोपण काढत-घालत राहिले. "तुनी चूक नही, मास्तरीन. मी आठे पायजे व्हतू. मी कडोदराले व्हतू." मग त्यांनी अक्कांचं सांगितलं. बसथांब्यावर सापडल्या होत्या, संध्याकाळी, कोणा बाईनं पाणी पाजून बसवून ठेवलं होतं. सांगून झाल्यावर ते मला घेऊन त्या व्यापाऱ्याकडे माफी मागायला गेले. घरधनी भला माणूस. म्हणाला, जाऊ द्या, आईला पेढे आवडायचे.

पत्त्याचं कार्ड करून अक्कांच्या गळ्यात घालायचं ही कल्पना माझी. मी झटक्यात मजकूर बसवला. 'ही बाई विसराळू आहे. हरवलेली आढळल्यास खालील नंबरवर फोन करावा.' लॅमिनेशन केलं, दोरी ओवली. आप्पांनी ते हातात घेतलं, 'ही बाई' वर त्यांचं बोट थांबलं, पण त्या दिवसांत ते थकलेले होते. घेऊन गेले.

चार दिवसांनी कार्ड गल्लीतल्या मारुतीच्या देवळात खिळ्याला लटकलेलं सापडलं. अक्कांनी ते वाचलं होतं. वाचून त्या शेजारणीला म्हणाल्या होत्या, "कोनी बाई हरायनी वं माय. तिना घरना शोधत व्हतीन." आणि ज्या बाईचं आहे तिला मिळावं म्हणून त्यांनी ते गळ्यातून काढून देवळात टांगलं होतं.

हे सांगताना आप्पा हसले आणि हसता हसता त्यांचा आवाज फुटला. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. "आख्खी जिंदगी लोकसले इचारं, कोन वाची," ते म्हणाले. "आन घरनं कार्ड करताना इचारं नही. रस्तावरला मानूस मांघेथून वाची. जिना गळामा शे, ती आगोदर वाची."

त्यानंतरचे पंधरा दिवस आप्पांनी त्या एका कार्डाचे अकरा मजकूर केले. दुसऱ्यांची कामं दोन प्रुफांत संपवणारा माणूस! एकेक कागद घेऊन ते दुकानभर फिरायचे. आधी कडोदऱ्याचा ट्रॅफिक पोलीस व्हायचे, मग भाजीवाली, मग घाईतला गुजराती शेठ, आणि सगळ्यात शेवटी खुर्चीत बसून, पदर सारखा केल्यासारखं करून, अक्का व्हायचे. पोलिसाला कळलं तर अक्का दुखावायच्या. अक्कांना आवडलं तर पोलिसाला काही बोध व्हायचा नाही. सगळं गुजरातीत लिहिलं तर अक्कांना वाचता येणार नाही, हे खरं, पण न वाचता येणारा कागद त्या चुलीत घालतील, हेही आप्पांना माहीत होतं. मी म्हटलं, "आप्पा, काऊन एवढा जीव काढता? नुसता फोन नंबर टाकू ना." ते म्हणाले, "ती घर उनी नही तं?" एवढंच. मी पुढचा कागद बसवायला घेतला.

बारावा मजकूर त्यांनी लिहून आणला तेव्हा मला आधी कळलंच नाही की हे तेच कार्ड. ती पत्रिका होती. जाड पिवळा कागद, लाल शाई, वर गणपती.

'॥ श्री गजानन प्रसन्न ॥ आमच्या मानाच्या पाहुण्या सौ. इंदूबाई यांना सोबत घेऊन आपण आमच्या घरी अगत्य येण्याचे करावे. निघण्याआधी फोन करावा, म्हणजे आम्ही सामोरे येऊ. शिरा-चहा घेतल्याशिवाय कोणीही जाऊ नये. आपली वाट पाहणारा, दगा.' खाली पत्ता, फोन. त्याखाली हेच हिंदीत. आणि मागच्या बाजूला गुजरातीत, म्हणजे अक्कांना वाचता येणार नाही अशा अक्षरांत, अगदी साध्या शब्दांत, की या आजी घरचा रस्ता विसरतात, हात धरून घेऊन या, यांच्या देखत काही बोलू नका.

मला आप्पांच्या पाया पडावंसं वाटलं. मी पडले नाही, लाजले. ते आजही मनाला लागतं.

अक्कांना पत्रिका फार आवडली. वाचून त्या म्हणाल्या, "मानपान बराबर शे." घडी करून त्यांनी ती कमरेच्या पिशवीत ठेवली आणि कोणी हात लावला तर हात झटकायला लागल्या. लग्नाला पत्रिका घेऊनच जायचं असतं, नाही का?

आता ते दोघं गावी, मुलाकडे असतात. मी आप्पांना नीट असं शेवटचं पाहिलं ते त्यांच्या जाण्याआधी, एका दुपारी, त्यांच्या घरी. अक्का सकाळी निघून गेल्या होत्या. गल्लीतली माणसं दोन मोटारसायकलींवर कडोदऱ्याकडे शोधायला गेली होती. आप्पा उंबऱ्यात बसले होते, फोन मांडीवर. मी शेजारी बसले. आत ओट्यावर शिऱ्यासाठी भाजलेल्या रव्याचा डबा होता. पत्रिका छापली त्या दिवसापासून तो भरलेला असे. आप्पा म्हणायचे, बोलावलं म्हणजे खाऊ घालावं लागतं.

बारा वाजले, एक वाजला. आप्पांनी मला विचारलं, "नंबर बराबर छापा ना, मास्तरीन?" मी हो म्हटलं. पाच मिनिटांनी पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा हो म्हटलं.

फोन वाजलाच नाही. दोनच्या सुमाराला गल्लीच्या तोंडाशी एक रिक्षा आली. मागच्या सीटवर नवी साडी नेसलेल्या अक्का ताठ बसल्या होत्या, हातात पत्रिका उघडी. आप्पा उठले आणि चपला न घालता रिक्षापर्यंत गेले. सामोरे गेले.

रिक्षावाला बिहारकडचा होता, चाळिशीचा. घाम पुसत सांगायला लागला, "चाचा, अम्मा हाईवे पे हाथ दिखाईं. बोलीं, शादी में जाना है. हम पूछे, कहाँ? तो ये कार्ड निकालीं. हमको पढ़ना नहीं आता. अम्मा खुद पढ़ के सुनाईं, पता भी. रास्ते भर पढ़ती रहीं."

आप्पा त्याच्याकडे बघतच राहिले. पोलीस, भाजीवाली, शेठ, सगळे त्यांनी दुकानात करून पाहिले होते. ज्याला वाचता येत नाही असा माणूस त्यांना सुचलाच नव्हता. आणि त्याला वाचून दाखवील ती अक्काच, हेही नाही. "हाऊ मना ध्यानमाच उना नही," ते मला हळूच म्हणाले. आपलं चुकलं म्हणून इतका आनंदलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

त्यांनी रिक्षावाल्याला हाताला धरून घरात आणलं. तो भाडं नको, काही नको म्हणत होता. आप्पांनी त्याला पाटावर बसवलं. "कार्डमा लिखेल शे," एवढंच म्हणाले आणि शिरा करायला उभे राहिले. मला ओट्याजवळ फिरकू दिलं नाही. अक्का खाटेवर बसून हे सगळं पाहत होत्या. घरात पाहुणे आलेले, शिऱ्याचा वास सुटलेला, त्यांच्या चेहऱ्यावर लग्नघरातलं समाधान होतं.

आप्पांनी आधी रिक्षावाल्याला वाढलं, मग मला. मग अक्कांसमोर ताटली धरली. अक्कांनी मान वर करून त्यांच्याकडे निरखून पाहिलं. हा एवढा राबणारा माणूस कोण, ते त्यांना उमगेना. लग्नात अनोळखी माणसाला विचारतात तसं त्यांनी अदबीनं विचारलं,

"तुम्ही कोनाकडला? नवरदेवकडला का?"

रिक्षावाल्याला काही कळलं नाही, तो खात राहिला. आप्पा ताटली धरून उभे होते. कोण विचारतंय, ते त्यांनी क्षणभर पाहिलं.

"नही," ते म्हणाले. "नवरीकडला."

"मंग उभा काबर?" अक्का म्हणाल्या, आणि सरकून त्यांनी खाटेवर आपल्याशेजारी जागा करून दिली.